वेगाच्या डोक्यावर पोलादी कमान

गाडी फार वेगवान आहे, म्हणून तिला शर्यतीत यायला मनाई! परीक्षेत शंभरापैकी शंभर मिळाले म्हणून पोराला शाळेतून काढावं, तसाच हा प्रकार. पण २०१७ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात तो खरोखर घडला. डॉज या अमेरिकन कंपनीने तिथे ‘चॅलेंजर एसआरटी डीमन’ ही गाडी सादर केली. किंमत सुमारे ८५ हजार डॉलर. शर्यतीचं खास पेट्रोल भरलं तर ताकद ८४० अश्वशक्ती. आणि पाव मैल अंतर कापायला वेळ फक्त ९.६५ सेकंद. शेवटची रेषा ओलांडताना वेग ताशी १४० मैल, म्हणजे सुमारे २२५ किलोमीटर. बरं, ही काही खास शर्यतीसाठी बांधलेली गाडी नव्हती. नंबरप्लेट लावून भाजी आणायलाही नेता यावी अशी होती.

अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगचा कारभार नॅशनल हॉट रॉड असोसिएशन, म्हणजे एनएचआरए ही संस्था पाहते. तिने कंपनीला कळवलं, की दहा सेकंदांच्या आत धावणाऱ्या गाडीत रोल केज हवाच. तो या गाडीत नाही, तेव्हा आहे तशी ही गाडी आमच्या शर्यतीत चालणार नाही. कंपनीने ते पत्र लपवणं तर सोडाच, जाहिरातीसारखं मिरवलं. सहा वर्षांनी, २०२३ मध्ये याच गाडीची ‘डीमन १७०’ ही आवृत्ती आली. तिची वेळ ८.९१ सेकंद. पुन्हा तेच पत्र, पुन्हा तीच मिरवणूक.

मिरवायला हरकत नाही. पण ज्या पोलादी पाइपांवरून हा सगळा वाद झाला, ते गाडीत काय करतात? कुठले घ्यायचे, कसे बसवायचे? अमेरिकेत शनिवार-रविवारी स्वतःची गाडी घेऊन ड्रॅग स्ट्रिपवर जाणाऱ्या हजारो मेकॅनिक, शिक्षक, दुकानदार मंडळींना कधी ना कधी हा प्रश्न पडतोच. आणि त्यातल्या अनेकांच्या त्याच गाडीत सोमवारी सकाळी मुलं बसून शाळेत जातात.

सरळ रस्त्यावर गाडी उलटते कशी?

ड्रॅग रेसिंग हा तसा जगातला सर्वांत सोपा मोटार खेळ. वळण नाही, चढ नाही, फेऱ्या नाहीत. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, मधल्या खांबावरचे दिवे पिवळ्याचे हिरवे होतात आणि दोघी सुसाट सुटतात. परंपरेने अंतर पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. सगळा खेळ दहा-पंधरा सेकंदांत खलास! दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियातली तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्यांची इंजिनं फुगवून कोरड्या तळ्यांच्या सपाट पात्रांत आणि मोकळ्या रस्त्यांवर अशा शर्यती लावायची. पोलीस मागे लागायचे. १९५० मध्ये सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये ‘हॉट रॉड’ मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी एनएचआरए स्थापन केली. पोरांना रस्त्यावरून उचलून धावपट्टीवर आणायचं आणि वेगाला नियमांचं कुंपण घालायचं, हा त्यांचा हेतू. आजही स्पर्धकाच्या हाती पडणारं नियमांचं पुस्तक चांगलं जाडजूड असतं.

रस्ता नाकासमोर सरळ आहे तर गाडी उलटेल कशाला, असं कुणालाही वाटेल. पण सुटताना सगळी ताकद मागच्या दोन चाकांवर येते. समजा त्यातल्या एकाला पकड मिळाली आणि दुसऱ्याखाली आधीच्या गाडीतून सांडलेलं थोडं तेल आलं, तर गाडी क्षणात तिरपी होते. मागचा आस मोडतो, टायर फुटतो, कधी पुढची चाकं हवेत उचलली जाऊन वाकडी खाली येतात. दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती असतात. तिरप्या झालेल्या गाडीला पकड अवेळी मिळाली, की ती कोलांटी खाते. ताशी दोनशे किलोमीटरला खाल्लेली कोलांटी एकीवर थांबत नाही.

साध्या गाडीचा टप आणि खिडक्यांमधले खांब एखाद्या साध्या उलटण्यात तग धरतात. सात-आठ वेळा आपटल्यावर पत्र्याचा टप चालकाच्या डोक्यावर येऊन बसतो. तो येऊ नये म्हणून चालकाच्या मागे एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत पोलादी पाइपची एक कमान उभी करतात. तिला मागून तिरके टेकू देतात, मधून एक आडवा पाइप टाकतात आणि चालकाच्या बाजूला दारालगत आणखी एक. हा झाला रोल बार. याच कमानीच्या पुढे टपाच्या कडेने आणि काचेच्या खांबालगत पाइप नेऊन चालकाभोवती पुरा पिंजरा केला, की झाला रोल केज. बार म्हणजे डोक्यामागची भिंत, केज म्हणजे अख्खी खोली!

आधी घड्याळ, मग पाइप

निवड कुठून सुरू करायची? दुकानाच्या कॅटलॉगमधून नव्हे, तर गाडीला लागणाऱ्या वेळेपासून. एनएचआरएच्या नियमांचा सगळा ढाचा घड्याळावर उभा आहे. बंद टपाच्या गाडीने पाव मैलाला ११.४९ सेकंद किंवा कमी वेळ घेतला, की रोल बार सक्तीचा. उघड्या टपाच्या, म्हणजे कन्व्हर्टिबल गाडीला तो १३.४९ सेकंदांपासूनच लागतो. कारण उघड आहे, डोक्यावर काहीच नाही. ज्या गाडीचा तळाचा आणि इंजिनामागचा पत्रा कंपनीने दिला तसाच आहे, तिला दहा सेकंदांपर्यंत रोल बारवर भागवता येतं. दहाच्या आत गेलं किंवा वेग ताशी १३५ मैलांच्या वर गेला, की रोल केज आलाच. शिवाय गाडीच्या सांगाड्याची तपासणी करून घेऊन प्रमाणपत्राचा स्टिकर मिळवावा लागतो आणि ठरावीक मुदतीने तो नवा करावा लागतो. अलीकडच्या वर्षांत कारखान्यातूनच एअरबॅग आणि अँटिलॉक ब्रेक घेऊन येणाऱ्या नव्या गाड्यांना या नियमांत बरीच सवलत मिळाली आहे. जुन्या गाड्यांना मात्र ती नाही. आणि हौशी लोकांची जीवाभावाची गाडी जुनीच असते!

उदाहरण घ्यायचं तर १९८० च्या दशकातली पाच लिटर इंजिनाची फोर्ड मस्टँग घेता येईल. स्वस्त, हलकी, सुटे भाग कुठेही मिळणारे. त्यामुळे अमेरिकन हौशी रेसरची ती लाडकी. कंपनीतून आली तेव्हा ही गाडी पाव मैलाला चौदा-पंधरा सेकंद घ्यायची. मालक पहिल्या वर्षी टायर बदलतो, दुसऱ्या वर्षी गिअर, तिसऱ्या वर्षी इंजिनाचा वरचा भाग आणि चौथ्या वर्षी टर्बो. आकडा खाली येत राहतो. तेरा, बारा, साडेअकरा... आणि एका संध्याकाळी ११.४० लागतात. मित्र पाठीवर थाप मारतात आणि तेवढ्यात स्ट्रिपचा अधिकारी येऊन सांगतो, ‘पुढच्या वेळी रोल बार लावून या.’

इथे बहुतेकांची पहिली चूक होते. आज लागतो तेवढाच बार ते घेतात. खरं तर गाडी कुठे पोचली हे न बघता दोन वर्षांनी कुठे पोचणार आहे, ते स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावं लागतं. वेगाचं व्यसन साडेअकरावर थांबल्याचं फारसं ऐकिवात नाही. दहाच्या आत जायचंच असेल तर पुढे केजचे पाइप जोडता येतील असा बार आत्ताच घेणं शहाणपणाचं, नाहीतर सगळं कापून पुन्हा पहिल्यापासून.

दुसरी फसगत ‘पॉइंट’ या शब्दाची. बार किती ठिकाणी गाडीच्या तळाला टेकतो, त्यावरून त्याला चार पॉइंट, सहा पॉइंट, आठ पॉइंट म्हणतात. चार पॉइंटचा बार सर्वांत स्वस्त. कमानीचे दोन पाय, मागच्या टेकूंचे दोन. दिसायला झकास. पण त्यात दाराच्या बाजूचा पाइप नसतो आणि चालकाच्या बाजूला तो एनएचआरएला हवाच असतो. म्हणजे किमान पाच पॉइंट तरी हवेत. चार पॉइंटचा बार लावून आलेला माणूस दारातूनच परत जातो. पैसे गेले ते गेलेच.

पाण्याचा पाइप नको रे बाबा!

पाइप कोणता, यावर रेसर मंडळी तासन्‌तास वाद घालतात. नियम मात्र दोन ओळींचा आहे. बाहेरचा व्यास पावणेदोन इंच. साधं पोलाद असेल तर पाइपच्या भिंतीची जाडी किमान ०.११८ इंच, म्हणजे तीन मिलिमीटर. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेलं क्रोमोली पोलाद असेल तर ०.०८३ इंच, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटरच्या वर. क्रोमोली जास्त चिवट, म्हणून तो पातळ चालतो आणि पातळ म्हणून हलका.

हलका म्हणजे किती? हिशेब सोपा आहे. साध्या पोलादाचा असा पाइप मीटरला सुमारे तीन किलो भरतो, क्रोमोलीचा सव्वादोन. सहा पॉइंटच्या बारला नऊ-दहा मीटर पाइप लागतो असं धरलं तर एक तीस किलोच्या आसपास जातो आणि दुसरा बावीसच्या. फरक आठ किलोंचा. ड्रॅग रेसिंगमधला जुना ठोकताळा असा, की शंभर पौंड, म्हणजे ४५ किलो वजन वाढलं की वेळ सेकंदाच्या दहाव्या भागाने वाढते. त्या हिशेबाने आठ किलोंची किंमत सेकंदाचा पन्नासावा भाग! ज्याला पदकासाठी झुंजायचंय त्याने त्याचा विचार करावा. घरच्या गाडीला साधं पोलाद उत्तम. ते स्वस्त तर असतंच, पण मुख्य म्हणजे त्याला नेहमीचं मिग वेल्डिंग चालतं. क्रोमोलीला टिग वेल्डिंगच लागतं. तिथे हात कसलेला हवा, कारण जोडाच्या कडेला जास्त तापलेलं क्रोमोली ठिसूळ होतं. मग आपटल्यावर ते वाकत नाही, तुटतं. वाईट वेल्डिंगच्या महाग पाइपपेक्षा चांगल्या वेल्डिंगचा स्वस्त पाइप केव्हाही सरस.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. ‘बार लावला की गाडी जड होईल आणि मंद धावेल’ ही रेसरांची आवडती सबब. अख्ख्या तीस किलोंची किंमत सेकंदाच्या सहा-सात शतांश भागांइतकी. आणि त्यातलाही काही भाग बार परत करतो. जुनी मस्टँग अंगाने लवचीक. इंजिनाची ताकद वाढवली की सुटताना तिचा सांगाडा पीळ घेतो, पत्र्याला चिरा जातात. वेल्ड केलेला बार तो पीळ आवरतो आणि चाकं नीट जोर लावतात.

पैसे वाचवायला काही जण पाण्याचा गॅल्वनाइज्ड पाइप वाकवून कमान करतात. नियमाला तो साफ नामंजूर, आणि ते बरोबरच आहे. हा पाइप पाण्याचा दाब सोसायला असतो, गाडीचा आदळआपट सोसायला नव्हे. शिवाय वेल्डिंग करताना त्यावरच्या जस्ताचा विषारी धूर निघतो तो वेगळाच. तसंच वाकवताना सुरकुती पडलेला किंवा चपटा झालेला पाइपही निकामी. कमान जिथे वळते, तिथेच गाडीचा सगळा भार येतो. चांगले कारखाने पाइपच्या आत कांब घालून तो वाकवतात, म्हणजे गोलाई शाबूत राहते. मस्टँग, कमारोसारख्या गाड्यांसाठी मापात वाकवलेले तयार संच मिळतात. ज्याच्याकडे वाकवण्याचं यंत्र नाही त्याने तेच घ्यावेत.

आधी माणूस बसवा

बसवायची सुरुवात पाइपपासून होत नाही. ती खुर्चीपासून होते. शर्यतीत जी सीट राहणार तीच आधी कायमची ठोकायची, चालकाने हेल्मेट घालून तिच्यात बसायचं, नेहमीसारखे हात स्टिअरिंगवर ठेवायचे, आणि मग टेप काढायची. कारण सगळी मापं गाडीची नसून माणसाची आहेत. कमानीचा माथा हेल्मेटच्या वर किमान तीन इंच हवा. कमान डोक्यापासून सहा इंचांच्या आत हवी. आडवा पाइप, ज्याला खांद्याचे पट्टे बांधायचे, तो खांद्याच्या रेषेपेक्षा वर नको आणि चार इंचांहून खाली नको. बाजूचा पाइप चालकाच्या खांदा आणि कोपराच्या मधून गेला पाहिजे. उंच नवऱ्यासाठी बसवलेल्या बारमध्ये बुटकी बायको शर्यत लावणार असेल तर मापं दोघांची घ्यायची. अमेरिकेत नवरा-बायको एकाच गाडीतून आळीपाळीने धावतात, त्यामुळे हा विनोद नाही.

खांद्याच्या पट्ट्याचं माप क्षुल्लक वाटतं, पण जीव तिथे अडकलेला असतो. आडवा पाइप फार खाली गेला तर धडकेत पट्टे खांद्यांना खाली ओढतात आणि सगळा दाब मणक्यावर येतो. बार, सीट आणि पट्टे हे एकच यंत्र आहे. म्हणूनच बार सक्तीचा झाला की पाच ठिकाणी बांधणारे शर्यतीचे पट्टेही सक्तीचे होतात. ते दर दोन वर्षांनी बदलायचे किंवा पुन्हा प्रमाणित करून घ्यायचे, कारण उन्हाने आणि ताणाने धागा कमजोर होतो.

मग गाडी रिकामी करायची. मागची सीट, कार्पेट, आतलं अस्तर, सगळं बाहेर. बॅटरी सोडवायची. तळाच्या पत्र्याखालून पेट्रोलची नळी आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते गाडीखाली झोपून बघायचं. वरून वेल्डिंग चालू असताना खालचं डांबरी कोटिंग पेटणं हा गॅरेजमधला नित्याचा अपघात. आग विझवायचं नळकांडं आणि खाली नजर ठेवणारा एक माणूस, दोन्ही जवळ हवेत.

खरी कसोटी लागते ती पाय रोवताना. जुन्या धाटणीच्या गाड्यांना खाली जाड लोखंडी चासी असते, तिथे कमान थेट चासीला वेल्ड करायची. मस्टँगसारख्या गाडीला वेगळी चासी नसते. पत्र्याचाच सांगाडा. अशा पातळ पत्र्यावर पाइप नुसता चिकटवला तर गाडी उलटल्यावर तो पत्रा फाडून खाली निसटतो, जसा चिखलात तंबूचा खांब. त्यावर उपाय म्हणजे सहा इंच बाय सहा इंचाची, एक सूत जाडीची पोलादी प्लेट. एक पत्र्याच्या वर, तशीच दुसरी खाली, मध्ये पत्रा आणि आरपार तीन सुती चार बोल्ट. सँडविचच म्हणा ना. किंवा मग दाराखालच्या उंबऱ्याला, जिथे पत्र्याचे पदर एकत्र येतात, तिथे प्लेट वेल्ड करायची. बोल्टचा बार उद्या काढता येतो, वेल्डचा गाडीचाच होऊन जातो. मजबुतीत वेल्ड सरस, पण रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत अनेक जण बोल्टच पसंत करतात. नीट प्लेटा घातल्या असतील तर त्यात गैर काही नाही.

कारागिराची परीक्षा मात्र टपाखाली होते. कमान टपाला जितकी चिकटून तितकी चांगली. पण मग पाइपच्या वरच्या बाजूने वेल्डिंगचा हात जाणार कसा? जोड चारी बाजूंनी पुरा झाला पाहिजे, समोरून दिसतो तेवढा अर्धा गोल नव्हे. जुने जाणते वेल्डर एक युक्ती करतात. जिथे प्लेटा बसणार तिथे तळाच्या पत्र्याला भोकं पाडायची, टाके मारून जुळवलेली अख्खी कमान त्या भोकांतून काही इंच खाली सोडायची, वरचे जोड आरामात गोल फिरून पुरे करायचे, कमान पुन्हा वर उचलायची आणि पायांखाली प्लेटा सरकवून भोकं बुजवायची. ज्याला ही युक्ती ठाऊक नाही तो समोरून सुबक टाका घालतो, त्यावर रंग मारतो, आणि पाठीमागे जोड उघडाच राहतो. तपासनीस म्हणूनच छोटा आरसा आत घालून बघतात. जोडावर ग्राइंडर मारून तो गुळगुळीत करायलाही बंदी आहे. दिसायला छान होतो, पण घासण्यात जीवच निघून जातो, शिवाय खालचे दोष झाकले जातात. खडबडीत, पण अखंड जोड हाच देखणा. पाइपची जाडी खरी किती, हे आत ध्वनिलहरी सोडून मोजायचं यंत्रही असतं. तिथे लबाडी चालत नाही.

पोलाद आणि कवटी

पाइप वाचवतो हे खरं. पण पाइप मारतोही. ड्रॅग रेसिंगला हे सर्वांत कठोरपणे कळलं २००७ मध्ये. एरिक मेडलेन हा ३३ वर्षांचा चालक जॉन फोर्स या नामांकित रेसरच्या संघातून ‘फनी कार’ चालवायचा. फनी कार म्हणजे पुढे इंजिन आणि वर फायबरची हलकी बॉडी असलेली, हजारो अश्वशक्तीची भयंकर गाडी. तिच्यात पक्का रोल केज असतो. त्या मार्चमध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिल इथे सराव चालू असताना मागच्या टायरात बिघाड झाला आणि गाडी इतक्या जोराने थरथरू लागली, की एरिकचं हेल्मेटमधलं डोकं पिंजऱ्याच्या पाइपांवर पुन्हा पुन्हा आपटलं. पिंजरा मोडला नव्हता. चार दिवसांनी एरिक गेला. त्याचे वडील जॉन मेडलेन हे त्याच संघात त्याच्या गाडीचे मुख्य तंत्रज्ञ होते.

संघाने आणि फोर्ड कंपनीने त्यानंतर पिंजऱ्याचा नव्याने अभ्यास केला. त्यात जॉन मेडलेन पुढे होते. डोक्याभोवतीची जागा रुंद झाली, पाइपांवरची गादी जाड झाली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये टेक्सासमधल्या एनिस इथे खुद्द जॉन फोर्सच्या गाडीचे धावता धावता दोन तुकडे झाले. तेव्हा तो ५८ वर्षांचा होता. हातापायांची हाडं मोडली, पण माणूस वाचला. पुढच्या मोसमात पुन्हा गाडीत बसला आणि २०१० मध्ये आपलं पंधरावं राष्ट्रीय विजेतेपदही जिंकला. एरिकमुळे आपण वाचलो, असं तो त्यानंतर सांगत आला आहे.

हौशी रेसरने यातून उचलायची गोष्ट म्हणजे गादी. हेल्मेट जिथे जिथे पाइपला लागू शकतं, तिथे प्रमाणित, कडक फोमची गादी बांधलीच पाहिजे. वातानुकूलन यंत्राच्या नळ्यांवर असतं तसलं मऊ स्पंज गुंडाळून काम भागत नाही. बोटाने दाबलं की चपटं होतं ते डोक्याखाली किती टिकणार?

पण इथेच रस्त्यावरच्या गाडीचा पेच सुरू होतो. ही कडक गादी हेल्मेटसाठी बनवलेली आहे. उघड्या डोक्याला तीही दगडासारखीच. शर्यतीत चालक पाच पट्ट्यांनी जखडलेला असतो, डोक्यावर हेल्मेट असतं. बाजारात जाताना तोच माणूस साध्या पट्ट्यात, बोडक्या डोक्याने बसतो आणि पोलादाची कमान त्याच्या कवटीमागे वीतभर अंतरावर असते. सिग्नलला मागून कुणी धडक दिली, की सीटची पाठ मागे झुकते आणि डोकं सरळ पाइपवर. मागे बसणाऱ्यांचे हाल तर आणखी वाईट. त्यांच्या चेहऱ्यासमोर आडवा पाइप, बाजूने तिरके टेकू. मूल मागच्या सीटवर असेल तर साधा ब्रेकसुद्धा दात पाडायला पुरेसा. नव्या गाड्यांत टपाच्या कडेतून उघडणारी पडद्यासारखी एअरबॅग असते. तिच्या वाटेत पाइप आला तर तीही नीट उघडत नाही. जो बार ताशी दोनशेला जीव वाचवतो, तोच ताशी चाळीसला घात करू शकतो.

म्हणून अमेरिकेतले जाणकार मेकॅनिक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतात तो वेळेचा, आणि दुसरा, ‘या गाडीत घरचे कोण कोण बसतात?’ उत्तर ‘सगळे’ असं आलं तर ते दोन गोष्टी सुचवतात. एक तर शर्यतीची गाडी वेगळी करा, नाहीतर बार बसल्या दिवसापासून मागची सीट कायमची काढून टाका. दुसरा उपाय ऐकायला कडक वाटतो, पण बहुतेक जण शेवटी तोच करतात. दाराच्या बाजूचा पाइप पिन काढून बाजूला फिरवता येईल असा घेता येतो. साडेआठ सेकंदांपेक्षा सावकाश गाड्यांना तो चालतो. नाहीतर प्रत्येक वेळी खिडकीच्या उंचीचा अडथळा ओलांडून आत शिरायचं. गुडघे दुखणाऱ्या आजीला हे कोण सांगणार?

आपल्याकडे

भारतातही २०१० नंतरच्या दशकात पाव मैलाच्या शर्यती गाजू लागल्या. लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेल्या ‘व्हॅली रन’ला मुंबई-पुण्याची पोरं घरच्या गाड्या घेऊन गेली. रॅलीच्या गाड्यांत रोल केज आपल्याकडेही जुनाच. पण अनेकांना तो भेटतो जीपच्या पाठीवर, चकचकीत क्रोमच्या पाइपच्या रूपात. वर दिवे लावायला आणि फोटोसाठी धरून उभं राहायला! त्यातले बरेचसे फक्त मागच्या हौद्याच्या पत्र्याला चार छोट्या बोल्टांनी धरलेले असतात. खाली प्लेट नाही, जोड अर्धे आणि पाइप कुठल्या जाडीचा ते बनवणाऱ्यालाही ठाऊक नाही. जीप उलटली तर तो कुणाला वाचवणार नाही, उलट निसटून डोक्यात बसेल. कारखान्याने सांगाड्याशी मिळून आखलेल्या कमानीची गोष्ट वेगळी. २०२० मध्ये आलेल्या नव्या महिंद्र थारमध्ये रोल केज कंपनीनेच दिला आणि ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत त्या गाडीला चार तारे मिळाले. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाची आडकाठी आहे. नाक्यावरच्या गॅरेजमध्ये पत्रा कापायला देण्याआधी आरटीओत चौकशी केलेली बरी.

आणि ज्याने रीतसर बार बसवलाय, त्याने पहिल्या चार-पाच धावांनंतर गाडी जॅकवर चढवून खालच्या प्लेटांचे बोल्ट पुन्हा आवळावेत. पत्र्यावरचा रंग आणि डांबर दबून बोल्ट हमखास सैल पडतात.